भाकर देणारा भाऊ

योसेफ आणि त्याचे भाऊ यांची गोष्ट माहीत नाही असे मूल बेने इस्राएल घरात सहसा सापडायचे नाही. दर वर्षी हनुक्काच्या आगेमागे सलग चार शब्बाथ ही कथा सिनेगॉगमध्ये वाचली जाते. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या वडीलधाऱ्यांनी तोरातील कथांवर मराठी कीर्तने रचण्यास आरंभ केला, आणि पुढे अशी आख्याने पिढ्यान्‌पिढ्या मातृभाषेतून आपल्या कानांवर पडत आली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे सामर्थ्य योसेफाच्या कथेइतके दुसऱ्या क्वचितच कथेत असेल.

पण ही कथा सांगताना आपण ती बहुधा एका ठरावीक ठिकाणी थांबवतो. योसेफ भावांना आपली ओळख देतो, गळाभेट होते, म्हातारा बाप मिसर देशात येतो, आणि क्षमेचा महिमा सांगून आपण उठतो. आमच्या मते हे उठणे घाईचे आहे. बेरेशीथचे पुस्तक तिथे संपत नाही. त्याच्या शेवटच्या, म्हणजे पन्नासाव्या अध्यायात, बाप वारल्यावर तेच भाऊ पुन्हा भीतीने गारठतात आणि त्याच भावाच्या पायांवर पडतात. एवढ्या रडण्याभेटण्यानंतर आणि सतरा वर्षे त्याची भाकर खाल्ल्यानंतरही त्यांना त्याच्या मनाची खात्री नाही. हा प्रसंग गाळला तर कथा गोड लागते, परंतु तिचे मर्म हातचे जाते. एकाच घरातला एक जण फार वर गेला आणि बाकीचे खाली राहिले, म्हणजे त्यांच्यातील माया आटतेच असे नाही. ती एकमेकांना ओळखू येईनाशी होते. योसेफाची कथा आम्ही याच दृष्टीने वाचून पाहणार आहोत.

आरंभ एका अंगरख्यापासून होतो. याकोबाने एका मुलाला इतरांहून वेगळे वस्त्र दिले, आणि त्या दिवसापासून भावांना योसेफाशी गोडीने बोलणे जमेनासे झाले असे तोरा सांगते. ही बोलण्याची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सबंध कथेत कोण कोणाशी बोलू शकतो आणि कोणाला बोलता येत नाही, यावरूनच नात्यांची स्थिती कळत जाते. तालमूदाच्या शब्बाथ या भागात रब्बींनी बापांना बजावून ठेवले आहे की मुलामुलांत भेद करू नये, थोड्याशा तलम कापडापायी आपल्या पूर्वजांना मिसर देशात जावे लागले. सतरा वर्षांच्या योसेफाला मात्र यातले काहीच दिसत नाही. आपली स्वप्ने तो भावांनाच उत्साहाने सांगत सुटतो. ज्याला मान आयता मिळालेला असतो, त्याला तो मान दुसऱ्याच्या डोळ्यांत सलतो हे कळण्यास वेळ लागतो.

मग भाऊ अंगरखा उतरवतात आणि त्याला खड्ड्यात टाकतात. सदतिसाव्या अध्यायातील हा प्रसंग पुन्हा वाचावा. खड्ड्यात पडलेल्या मुलाच्या तोंडी एकही शब्द नाही. भाऊ जेवायला बसतात, आणि पुढे वीस रुप्यांना त्याची विक्री होते. तो रडला, त्याने गयावया केली, हे वाचकाला समजते ते पाच अध्यायांनंतर, आणि तेही भावांच्याच तोंडून. मिसर देशात तीन दिवस अटकेत काढल्यावर त्यांना एकाएकी आठवते की त्या वेळी तो आपल्याला विनवीत होता आणि आपण ऐकले नाही. कथाकाराने हा आकांत इतकी वर्षे का दडवून ठेवला? आम्हाला वाटते, ज्यांच्या हाती दोर होता त्यांना तो त्या दिवशी खरोखरच ऐकू आला नव्हता. स्वतः परक्याच्या दारात हात जोडून उभे राहण्याची पाळी आली, तेव्हाच तो त्यांच्या कानांपर्यंत पोहोचला.

इकडे योसेफ तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहिला आणि देशाचा कारभारी झाला. बोटात अंगठी, अंगावर तलम वस्त्र, गळ्यात सोन्याची साखळी, नवे मिसरी नाव, आणि पुजाऱ्याच्या घरची बायको. पहिल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले, आणि त्याचे कारण असे दिले की देवाने आपल्याला सारे कष्ट आणि बापाचे घर विसरायला लावले. रांबान यांनी इथे एक रोखठोक प्रश्न विचारला आहे. हेब्रोन मिसरपासून जेमतेम सहा दिवसांच्या वाटेवर, मग इतक्या वर्षांत योसेफाने बापाला एक निरोपही का धाडला नाही? त्यांचे उत्तर असे की स्वप्ने खरी ठरेपर्यंत योसेफाला थांबणे भाग होते. या थोर भाष्यकाराच्या उत्तराला आम्ही हात लावत नाही. पण कथेतच आणखी एक गोष्ट सापडते. पुढे योसेफ स्वतः भावांना सांगतो की मिसरी लोकांना मेंढपाळांची किळस आहे. म्हणजे निरोप धाडणे याचा अर्थ, देशाच्या कारभाऱ्याचा बाप कनानातला एक मेंढपाळ आहे हे दरबारात उघड करणे. पद लाभलेल्या माणसाला आपले मूळ घर आठवत नाही असे नव्हे. आठवण काढण्याची सोय त्याला उरत नाही. आपल्यापैकीही कित्येकांनी नव्या देशात आल्यावर आडनावातील कोकणचे गाव गाळून टाकले. त्यात गैर काही आहे असे आम्ही म्हणत नाही. पण गाव गाळताना गावाकडच्या माणसांना लिहायची पत्रेही कशी कमी होत जातात, हे ज्याचे त्याने तपासावे.

दुष्काळात भाऊ धान्यासाठी येतात. योसेफ त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. त्याला त्यांची भाषा येते, पण मध्ये दुभाषी उभा आहे. हा दुभाषी कोण? राशी सांगतात, तो मनश्शे, योसेफाचा मुलगा. आपल्या काकांचे बोलणे पुतण्या बापाला समजावून सांगतो आहे, आणि ते आपले काका आहेत याची त्याला कल्पना असल्याचे कथेत कुठेही म्हटलेले नाही. राशींची ही एक ओळ आपल्या घरांत वाचली जाते तेव्हा ती फार जवळची वाटते. आलिया करून आलेल्या किती आईबापांनी दवाखान्यात, कचेरीत, बँकेत दहा वर्षांच्या मुलाला मध्ये उभे करून आपले गाऱ्हाणे मांडले आहे! मुलाने हौसेने मदत केली, त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तरीही त्या दिवसापासून घरातला मोठा कोण, हा प्रश्न थोडासा बदलला. बाप रागावला तर मुलाने उलट उत्तर दिले नाही, पण बापाची चिठ्ठी वाचून दाखवणारा आपणच आहोत हे तो विसरलाही नाही.

दुभाष्याच्या आडून योसेफ भावांचा पश्चात्ताप ऐकतो. तो बाजूला वळतो, रडतो, परत येऊन कठोर बोलतो आणि शिमोनाला त्यांच्यादेखत बांधतो. दुसऱ्या खेपेस बन्यामिनाला पाहिल्यावर तो आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुतो, स्वतःला आवरतो आणि जेवण वाढायला सांगतो. या तोंड धुण्याच्या उल्लेखावर कीर्तनकाराने एक रात्र खर्च करावी, इतका तो बोलका आहे. योसेफ सबंध कथेत सात-आठ वेळा रडतो. आरंभीचे रडणे सारे चोरून आहे. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाला आपले अश्रू सेवकांना दाखवता येत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ते आहेत त्यांनाही दाखवता येत नाहीत. भावांना दिसते ते कोरडे तोंड आणि बांधलेला शिमोन. त्यांनी याला माया म्हणून ओळखावे तरी कसे?

नंतरच्या पंगतीचे वर्णन मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. योसेफाला वेगळे वाढतात, भावांना वेगळे, मिसरी लोकांना वेगळे, कारण मिसरी लोक इब्री माणसांबरोबर जेवणे विटाळ मानीत. ज्याच्या हातात साऱ्या देशाचे धान्य, त्या योसेफाचे पानही वेगळे मांडलेले आहे. पंक्तिभेद म्हणजे काय हे हिंदुस्थानात राहिलेल्या आपल्या समाजाला ठाऊक आहे. त्यातच भर म्हणून बन्यामिनाच्या पानात पाचपट वाढले जाते, आणि पुढे त्याला पाच जोडी वस्त्रे मिळतात. तालमूदाच्या मगिल्ला या भागात रब्बी चकित होऊन विचारतात की ज्या गोष्टीने या सत्पुरुषाला एवढे भोगावे लागले, तीच चूक तो स्वतः करतो काय? त्यांनी त्याचे समाधानही दिले आहे, ती वस्त्रे पुढे मर्दखयाला मिळणाऱ्या राजवस्त्रांची सूचना होती. आमच्या दृष्टीने प्रश्नच मोलाचा आहे. पंक्तिप्रपंचाचा जाच ज्याने सोसला, तो वाढपी झाल्यावर समान वाढेल याची हमी नसते.

याहून कडक आक्षेप सोता या भागात आहे. भाऊ योसेफाशी बोलताना आपल्या बापाचा उल्लेख त्याचा दास असा करतात. योसेफ ऐकून घेतो, हूं की चूं करीत नाही. बापाच्या मानासाठी त्याने तोंड उघडले नाही म्हणून रब्बींनी त्याला दोष दिला आहे. एवढ्या आदराच्या पुरुषाला आपल्या रब्बींनी बोल लावण्यास कमी केले नाही, ही गोष्ट आम्हाला अभिमानाची वाटते. खुर्चीवर बसून ऐकण्याची सवय झाली की आपल्याच बापाचा कमीपणा कानाला खटकत नाही.

ही कोंडी फोडतो यहूदा, ज्याने विक्रीची कल्पना काढली होती तोच. त्याच्या भाषणात बाप हा शब्द चौदा वेळा आला आहे. तो स्वतःला दास म्हणवतो, आणि अखेर धाकट्याच्या जागी खरोखरच दास होण्याची तयारी दाखवतो. आता योसेफाला आवरत नाही. पुढे तो काय करतो याचा क्रम पाहावा. प्रथम तो सर्व मिसरी माणसांना बाहेर घालवतो. मग आपले नाव सांगतो. भावांना उत्तर देता येत नाही, तेव्हा तो त्यांना जवळ बोलावतो. मग आपल्याच तोंडाने बोलतो, दुभाष्यावाचून, आणि राशी म्हणतात, पवित्र भाषेत. दरबार, परके नाव, अंतर आणि परकी भाषा हे चारही अडसर त्याने आपण होऊन दूर केले. आणि तोरा सांगते, त्यानंतर भाऊ त्याच्याशी बोलले. सदतिसाव्या अध्यायात थांबलेले बोलणे पंचेचाळिसाव्यात सुरू झाले. इथे बन्यामीन रडला असे लिहिले आहे. बाकीचे दहा रडले असे कुठेही लिहिलेले नाही. ते फक्त बोलले.

यानंतरचा सत्तेचाळिसावा अध्याय कीर्तनात फारसा येत नाही, आणि आमच्या मते शेवटच्या भीतीचे मूळ तिथेच आहे. त्यात योसेफ एकीकडे बापाला आणि भावांना त्यांच्या घरच्या माणसांप्रमाणे भाकर पुरवतो. दुसरीकडे दुष्काळग्रस्त मिसरी लोकांकडून धान्याच्या बदल्यात आधी पैसा, मग गुरे, मग जमिनी घेतो, आणि शेवटी ते लोक स्वतःच फारोचे दास होण्यास कबूल होतात. उत्पन्नाचा पाचवा भाग फारोचा ठरतो. योसेफाने लोकांचे प्राण वाचवले हे लोकच म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण गोशेनमध्ये बसलेल्या भावांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. भाकरीसाठी ज्याच्यावर अवलंबून राहावे त्याच्या हाती आपले काय काय जाऊ शकते, याचा धडा त्यांच्यासमोर घडत होता. मग त्यांची भीती अगदीच वेडगळ म्हणता येईल काय?

बापाची गोष्ट आणखी हळवी आहे. याकोब फारोपुढे उभा राहतो तेव्हा दबत नाही. तो एकशेतीस वर्षांचा परदेशी म्हातारा राजाला आशीर्वाद देतो, आणि आपले दिवस थोडे आणि वाईट गेले असे सरळ सांगतो. पण तोच बाप स्वतःच्या मुलापुढे मात्र जपून वागतो. कनानात नेऊन पुरावे यासाठी तो मुलाला शपथ घालतो आणि मग पलंगाच्या उशाकडे वाकतो. राशींनी इथे एक जुनी म्हण दिली आहे, तिचा आशय असा की दिवस कोल्ह्याचे आले तर कोल्ह्यालाही वंदन करावे. पुढे याकोब आजारी असता योसेफ भेटीला येतो, तेव्हा तो बळ एकवटून उठून बसतो. राशी सांगतात, मुलगा असला तरी तो राजाच्या पदावर आहे, म्हणून त्याचा मान राखला. भाष्यकारांनी यात राजमानाचा धडा पाहिला. आम्हाला त्यात धडपडत उठून बसणारा बापही दिसतो. आणि खुद्द योसेफ तरी कितीसा मोकळा? बापाला पुरण्याची परवानगी तो फारोच्या घरच्या माणसांमार्फत मागतो, आणि जाताना मुलेबाळे व गुरे गोशेनमध्येच मागे राहतात.

अंत्यविधी उरकून सारे परतल्यावर भावांच्या मनात पाल चुकचुकते. राशी म्हणतात, बाप असताना ते योसेफाच्या पंगतीला जेवत असत, बाप गेल्यावर ते बोलावणे थांबले. बेरेशीथ रब्बा या मिद्राशात रब्बी तनहूमा याचे कारण देतात, आणि ते कारण या सबंध कथेची किल्ली आहे. बाप आपल्याला यहूदा आणि रऊबेन यांच्या वर बसवीत असे. आता आपण थोरल्यांच्या वर बसणे बरे नव्हे, असा विचार करून योसेफाने पंगत बंद केली. त्याने हे नम्रतेने केले, भावांनी त्याचा अर्थ वैर असा घेतला. खालच्याला वरच्याची नम्रतासुद्धा तुटकपणा वाटते. मग ते समोर न येता निरोप धाडतात, बापाच्या नावावर क्षमा मागतात. तो निरोप त्यांनी सलोख्यासाठी रचला असे राशी म्हणतात. म्हणजे पुन्हा बोलणे बंद, पुन्हा मध्ये दुभाषी. योसेफ ऐकून रडतो. हे रडणे आम्हाला त्याच्या साऱ्या रडण्यांत दुःखाचे वाटते, कारण आपण इतकी वर्षे कोण म्हणून त्यांच्यासमोर होतो हे त्याला त्या क्षणी कळले.

ही कथा आपल्या समाजाच्या अंगाला फार लागून जाते. 1962 साली इस्राएलच्या प्रमुख रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी करण्याचे नियम काढले, आणि आपली माणसे आपल्याच भावांच्या दारात पुरावे घेऊन उभी राहिली. 1964 साली जेरुसलेमला सत्याग्रह झाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. तो अपमान आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. पण कोकणात आणि मुंबईत आपणही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळला. हाईम शमुएल किहीमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात त्या भेदाची दखल आहे. बेटीव्यवहार नव्हता. खड्ड्यातला आवाज आपल्यालाही ऐकू आला नव्हता. एका अन्यायाची आठवण ठेवायची तर दुसऱ्याचीही ठेवली पाहिजे.

घरोघरची गोष्ट तर रोजचीच आहे. आधी आलेला भाऊ नंतर आलेल्यासाठी घर शोधतो, नोकरी लावून देतो, पैसे उसने देतो. तो मनाने चांगला असतो, आणि वर्षांनंतर धाकट्याच्या घरचे कोणी सणाला येत नाही म्हणून दुखावतो. धाकटा म्हणतो, तिथे गेले की हिशेबाची वही उघडल्यासारखे वाटते. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. अशा वेळी क्षमेचे आख्यान सांगून भागत नाही. आमच्या मते पाऊल प्रथम वरच्याने उचलावे, आणि योसेफाने पंचेचाळिसाव्या अध्यायात केले तसे, म्हणजे चार परकी माणसे बाहेर पाठवून, जवळ जाऊन, घरच्या भाषेत बोलावे. आणि एकदा बोलून थांबू नये. योसेफ तिथेच थांबला, आणि सतरा वर्षे सारे ठीक आहे असे समजला.

बेरेशीथचा अगदी शेवट याही बाबतीत काही सांगतो. एकशेदहा वर्षांचा योसेफ मरणाच्या दारी आहे. आयुष्यभर देत आलेला हा माणूस त्या वेळी भावांना बोलावतो आणि इस्राएलाच्या संतानाकडे प्रथमच काही मागतो: तुम्ही इथून जाल तेव्हा माझी हाडे बरोबर न्या. त्याचे रथ, त्याची अंगठी, त्याचा फारो, यांतले कोणीही ते करणार नव्हते. ते काम भावांच्या लेकरांवाचून होणारे नव्हते, आणि तोरा सांगते, मिसरमधून निघताना मोशेने ती हाडे बरोबर घेतली. येत्या हनुक्काच्या सुमारास ही कथा पुन्हा वाचली जाईल. तेव्हा ती गळाभेटीपाशी न थांबवता या मागण्यापर्यंत वाचावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.